वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख देणार कोण?

"वैष्णोदेवीचं ५ किंवा १० रुपयांचं नाणं असेल तर १० लाख मिळतात. रिझर्व्ह बँक विकत घेते. नाणं घासून चकचकीत करा, फोटो पाठवा, नोंदणीचे पैसे भरा. घरातली गिनी २४ कॅरेट, ८ ग्रॅम धरा." हा मेसेज आत्यापर्यंत पोचला, आणि तिनं आजोबांचे राणीछाप रुपये चकचकीत करायला चिंच भिजत घातली. आता गप्प बसणं शक्य नाही.

घासण्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते नुकसान भरून निघत नाही. जुन्या चांदीवर चढलेला काळसर थर म्हणजे पॅटिना. चिंच-पीतांबरीनं तो जातोच, शिवाय राणीच्या केसांच्या बटा, मुकुटाचं नक्षीकाम हे बारीक उठावही झिजतात. भिंगातून पाहिलं की चोळल्याच्या रेघा उघड दिसतात. संग्राहक असं नाणं 'क्लीन्ड' म्हणून बाजूला सारतो आणि हातात उरतो निव्वळ चांदीचा भाव. माती लागलीच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, मग मऊ कापडानं नुसतं टिपा. चोळायचं नाही. नाणं कडेनं धरा आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कालांतरानं हिरवा चिकट थर धरतो.

रिझर्व्ह बँकेचं म्हणाल तर ४ ऑगस्ट २०२१ चं तिचं पत्रक वाचा. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात आपण पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावानं ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग 'नोंदणी' कसली?

वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, श्राइन बोर्डाच्या २५ वर्षांनिमित्त काढलेलं आणि सरळ चलनात आलेलं. वापरलेल्या नाण्याचे दुकानदार दर्शनी किमतीइतकेच देईल. 'चौकटवालं दुर्मिळ' हीसुद्धा थापच. सालाखालची चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण, मुंबई टांकसाळीची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. कोलकात्याची खूणच नसते.

एक मान्य करावं लागेल: काही नाण्यांना खरंच मोठी किंमत येते. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. पण तो दुर्मिळ म्हणूनच त्याच्या नकलाही उदंड. ११.६६ ग्रॅम वजन भरतं का, हे आधी पाहा. वजन जुळलं तरी तेवढ्यानं अस्सल ठरत नाही, जाणकाराला दाखवाच.

गिनी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, २२ कॅरेटची. वजन ७.९८८ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. मेसेजच्या हिशेबात पाऊण ग्रॅमच्या आसपास सोनं हवेतलं आहे. आणि भाव तोळ्याचा सांगितला तर तोळा कुठला, तेही विचारा: सराफाचा १० ग्रॅमचा की जुना ११.६६ चा?

'नोंदणी'चे पैसे कुणी भरून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.