ओल्या कुत्र्याची तीर्थयात्रा

कुत्रा घेऊन हिमालयात नदीकाठी तंबू ठोकायला निघालेल्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. ‘त्याला थंडी नाही का बाधणार?’ आणि ‘तिकडं तो खातो काय?’ माणसाला काय बाधेल आणि माणूस काय खाईल, याची चौकशी कुणी करत नाही. आणि जो प्रश्न खरोखर विचारायला हवा, तो तर कुणाच्या डोक्यातच येत नाही : ‘वाळवणार कुठं?’

मे महिन्यात घरोघरी गच्चीवर कुरडया-सांडगे वाळत असतात. त्याच सुमाराला मी तीर्थन नदीच्या काठावर पंचा घेऊन उभा असतो आणि माझ्यापुढं तीस किलोचं वाळवण उभं असतं. कुरडईची राखण कावळ्यापासून करावी लागते. हे वाळवण आपणहून उठून परत पाण्यात जातं.

तीर्थनचं खोरं हिमाचलातल्या कुलू जिल्ह्यात येतं. चंदीगडहून मंडी, मंडीहून औट. औटच्या बोगद्यात न शिरता लारजीकडं वळायचं, पुढं बंजार, मग नागिणी आणि गुशैणी. उंची सोळाशे मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वराहून थोडीच जास्त. पण पाणी बर्फातून आलेलं. काठाला कॅम्पवाल्यांचे तंबू असतात, कुठं कुठं स्वतःचा तंबू ठोकायला जागाही देतात. ‘पेट फ्रेंडली’ या पाटीवर मात्र विसंबू नये. मालकाला कुत्री आवडतात, एवढाच त्या पाटीचा अर्थ. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : कुंपण आहे का, तुमची स्वतःची कुत्री किती आणि ती मोकळी असतात का, आणि तंबूपासून पाणी किती पावलांवर. तिसऱ्या प्रश्नाला ‘एकदम किनारे पे, सर जी’ असं छाती फुगवून उत्तर आलं, की दुसरीकडं फोन लावावा.

जायचं कसं, हा वेगळा छळ. रेल्वेत कुत्रा सोबत घ्यायचा तर एसी फर्स्टचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन आख्खी आपल्या नावावर लागते, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी, जी मला माझ्या शत्रूच्या कुत्र्यालाही नको. उरते गाडी. मंडीच्या पुढं रस्ता वळणांचा, त्यामुळं घाट लागायच्या चार-पाच तास आधी जेवण बंद. तरीही मागच्या सीटवर लक्ष ठेवावं. आधी जांभया, मग ओठ चाटणं, मग लाळेची तार. तार दिसली की गाडी बाजूला घ्यायला साधारण अर्धा मिनिट मिळतो, आणि नेमक्या त्याच अर्ध्या मिनिटात समोरून सफरचंदाच्या बागेचा ट्रक येतो.

कागद बरोबर ठेवावेत : रेबीजच्या इंजेक्शनची नोंद असलेलं पुस्तक आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची, लस राहिली असेल तर निघण्याच्या पुरेशी आधी देऊन घ्यावी, कारण नदीकाठची ओल उंदरांचीही असते. गोचीड मारायची चघळायची गोळी निघायच्या आधी द्यायची, गोचीड दिसल्यावर नव्हे.

आता जागा. सपाट, मऊ, पांढऱ्या वाळूचा पट्टा दिसतो आणि माणूस हरखतो. ती वाळू नदीनंच आणून टाकलेली असते आणि ती न्यायलाही नदीच येते. बर्फ दिवसा वितळतं, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. म्हणून ही नदी पहाटे सर्वांत शहाणी आणि संध्याकाळनंतर सर्वांत वाह्यात. सकाळी पाहिलेल्या पाण्यावर भरवसा ठेवू नये. काठावर काटक्या, पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकल्याची रेघ शोधावी आणि तिच्याही पुरुषभर वर तंबू ठोकावा. जुलै-ऑगस्टात जाऊच नये. २०२३च्या जुलैत कुलू-मंडीत पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आणि लारजीच्या खाली, धरणामागच्या पाण्याच्या भरवशावर वाहणाऱ्या बियासच्या पात्रात, पाय धुवायलाही उतरू नये. ८ जून २०१४ला धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथं मला विनोद सुचत नाही.

पाण्यात कुत्रा नेताना गळ्यातला पट्टा काढायचा, अंगात छातीभोवती बसणारा हार्नेस घालायचा, दोरी पाठीवरच्या कडीला लावायची. दोरी आठ-दहा मीटर, पाण्यावर तरंगणारी. ती मुठीत धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही आणि कुत्रा पाण्यात असेपर्यंत झाडाला तर अजिबात बांधायची नाही : दोरी ताणली गेली की प्रवाह कुत्र्याला वर तरंगू देत नाही, खाली दाबतो. लाइफ जॅकेट घेताना रंगाकडं पाहू नये, पाठीवरची मूठ पाहावी. शिवण पक्की असेल तर ओला कुत्रा बॅगेसारखा उचलता येतो. उचलल्यावर तो अशा नजरेनं पाहतो, की आपणच त्याला ढकललं होतं.

लॅब्रॅडॉरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. तीर्थनच्या पाण्यात ते सरळ होतं. थंडगार पाण्यात फार वेळ पोहलं की शेपटीच्या बुडाचे स्नायू दुखावतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट नळाला लावलेल्या पाइपासारखं खाली लोंबतं. हलत नाही. माणूस घाबरतो, मणका मोडला समजतो. बहुतेक वेळा काही दिवसांच्या विश्रांतीनं ते आपोआप पूर्वपदावर, म्हणजे वाकडं, येतं; तरी डॉक्टरांना दाखवावं. मात्र आपल्या पिशवीतली गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन्ही माणसाची औषधं कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात. पाण्यातली एक डुबकी दहा मिनिटांची, एवढा नियम पाळला तर हा प्रसंग सहसा येत नाही.

आता मूळ विषय, वाळवण. बाहेर आलेला कुत्रा पहिल्यांदा अंग झाडतो. मोठा कुत्रा सेकंदाला साधारण चार वेळा अंग फिरवतो आणि केसांतलं पुष्कळसं पाणी काही सेकंदांत फेकून देतो. हे फुकटचं वाळवणं आहे, त्यात अडथळा आणू नये. फक्त झाडायला सुरुवात डोक्यापासून होते, हे लक्षात ठेवावं : डोकं धरून ठेवलं तर बहुधा झाडणं सुरूच होत नाही. तसाच धरून त्याला मोकळ्यावर न्यायचं आणि सोडायचं. तो मात्र आपण चहाचा कप खाली ठेवून वाकेपर्यंत थांबतो, त्याला इलाज नाही.

तीन वेळा झाडून झालं की पंचा. जाड टर्किश टॉवेल नेऊ नये, तो एकदा भिजला की सहलभर भिजलेलाच राहतो. आपला साधा सुती पंचा पिळला की अर्ध्या तासात पुन्हा कामाला येतो. एका कुत्र्यामागं चार पंचे. पाठ शेवटी पुसायची, ती वाऱ्यानंच वाळते. आधी पोट, बगला, मांड्यांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालचा गळा आणि कानाची पाळी उलटी करून आतली बाजू. लॅब्रॅडॉर वरून कोरडा दिसतो तेव्हा आतली लव चिंब असते. ती तशी राहिली की दोन दिवसांत तिथं लाल, चिकट चट्टा उठतो आणि मग तो चाटून चाटून त्याचा तळहाताएवढा करतो. केस उलट्या दिशेनं फिरवून बोट कातडीपर्यंत घालावं. बोट थंड लागलं तर अजून ओला.

आणि वास. तो वास पाण्याचा नसतो, केसांतल्या जिवाणूंचा आणि बुरशीचा असतो. एरवी गप्प बसलेला ऐवज पाणी उडताना हवेत येतो. म्हणजे जितका तो वाळतो, तितका वास मारतो. दुपारी दोननंतर पाणी बंद, हा माझा कडक नियम त्यामुळंच. अरुंद खोऱ्यात ऊन डोंगराआड लवकर जातं आणि त्यानंतर वाळवायला उरतो तो फक्त तंबू, ज्यात आपण झोपणार असतो.

तहानेचंही एक शास्त्र आहे. आपण उकळलेलं पाणी भांड्यात ओतून ठेवतो, तो शेजारच्या डबक्यातलं पितो. वाहत्या पाण्यापेक्षा डोंगरातलं साचलेलं पाणी आणि झऱ्यांची कुंडं जास्त वाईट, कारण तिथं एक जळू असते जी पायाला चिकटत नाही, नाकात शिरते. शिरताना ती सुतासारखी असते. आत मुक्काम ठोकून रक्तावर वाढते. आपण घरी येतो, फोटो दाखवून होतात, आणि मग कुत्रा सारखा शिंकायला लागतो, एकाच नाकपुडीतून रक्ताचे थेंब पडतात. पहाडातले लोक यावर धीराचा उपाय करतात. काही तास कुत्र्याला पाणी द्यायचं नाही, मग नाकाखाली स्वच्छ पाण्याचं भांडं धरून बसायचं. पाण्याच्या ओढीनं जळू नाकपुडीच्या तोंडाशी येते, काळपट, ओलसर, लांब होत जाणारी, आणि हात पुढं केला की सुळकन आत. दोन-चारदा असं झालं की ती जास्त बाहेर येते; तेव्हा गॉजमध्ये किंवा चिमट्यात पकडून सावकाश, न हिसकता ओढायची. हे डॉक्टरांकडून करून घ्यावं, असं मी सांगीन. कारण आपल्या एका हातात भांडं असतं, दुसऱ्यात चिमटा, आणि कुत्रा तहानलेला असतो.

वाटेवर बिच्छू बूटी असते, म्हणजे लागताच विंचवासारखी आग करणारं झुडूप. झुडपाला नाक लावलं की कुत्रा तोंड जमिनीवर घासत गोल फिरतो. पाण्यानं धुवायचं, हातमोजे घालून. नदीचे गोटे गुळगुळीत असले तरी त्यांच्या फटीत फुटक्या बाटल्या असतात, म्हणून गॉज, बीटाडीन आणि स्वतःला चिकटणारं बँडेज. वर आपला जुना मोजा चढवावा. मोजा एक तास टिकतो. कुत्र्याची विष्ठा म्हणजे शेणखत नव्हे : पाण्यापासून साठेक मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. खड्डा खणताना कुत्रा उत्साहानं मदत करतो. नंतर उकरायलाही.

रात्र. ‘तीन माणसांचा’ असं लिहिलेला तंबू दोन माणसांचा असतो, आणि कुत्रा दीड माणूस धरावा. पुढचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. नखं आठवडाभर आधी कापून घ्यावीत, नाहीतर तंबूचा तळ फाटतो. तळावर फोमची चटई, तिच्यावर जुनी चादर. झोपताना कुत्रा पायाशी असतो. मध्यरात्री तो आडवा झालेला असतो आणि आपण तंबूच्या ओल्या कापडाला टेकलेले. दोन माणसं आणि एक कुत्रा यांचा श्वास कापडाला आतून लागून पहाटे टपटपायला लागतो, म्हणून थंडी वाजली तरी वरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दाराच्या चेनचे दोन्ही सरक कॅरॅबिनरनं, म्हणजे गिर्यारोहकांच्या स्प्रिंगच्या कडीनं, एकमेकांना अडकवावेत. नाक घालून चेन उघडायची विद्या कुत्र्याला कुणी शिकवत नाही.

हा कॅरॅबिनर चैन म्हणून नाही. बाहेर बिबट्या असतो आणि कुत्रा त्याच्या आवडीचा, हे जुन्नरच्या माणसाला समजावून सांगायला नको. इथल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरून अणकुचीदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. आपल्याच्या गळ्यात घुंगरू आणि नावाची पाटी. तेव्हा अंधार पडल्यावर पाय मोकळे करायला नेतानाही आखूड पट्टा आणि मोठी बॅटरी. रात्रभर गावातली केसाळ कुत्री दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भुंकून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. आपला तंबूतून प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो.

गुशैणीपासून वरची पायवाट ग्रेट हिमालयन नॅशनल पार्ककडं जाते. २०१४पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पाळीव कुत्र्याला तिथं प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे : आपल्या कुत्र्याचा आजार तिथल्या जनावरांना लागू शकतो. कुत्र्यावरून हिमालयात झालेला पहिला वाद धर्मराज आणि इंद्राचा. तिथं धर्मराज अडून बसले आणि शेवटी कुत्राच धर्म निघाला. हे दाखल्यासह वनरक्षकाला ऐकवून उपयोग होत नाही. घरच्यांपैकी एकानं कुत्र्यासोबत खाली राहायचं आणि बाकीच्यांनी वर जायचं. खाली कोण राहणार, हे पुण्यातच ठरवून घ्यावं.

परत आल्यावर तंबू पिशवीत तसाच ठेवू नये, दोन दिवसांत बुरशी धरते. साबणाच्या कोमट पाण्यात हातानं धुवायचा, मशीनमध्ये नाही, आतलं कोटिंग निघून येतं. केस ओल्या स्पंजनं ओढून काढायचे. मग गच्चीवर सावलीत पसरून पूर्ण वाळवायचा, शिवणींसकट. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या काकूंच्या कुरडया असतात. पसरण्याआधी वारा कुठून कुठं वाहतोय, ते पाहून घ्यावं.