कानात कापूस, तोही घरचा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाला बाजारात भाव नसला तरी कानात जागा आहे. वरातीचा डीजे गावात शिरला की शहाणी माणसं बोळा करून दोन्ही कानांत कोंबतात. त्यानं एवढंच होतं, की आपली नापसंती चारचौघांना दिसते. आवाज हवेतून येतो आणि बोळा म्हणजे बराचसा हवाच. थोडेफार डेसिबल अडले तर अडले, बाकी सगळे सरळ आत.

तज्ज्ञांचा हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काढता येतात. पुढे दर ३ डेसिबलला मुदत अर्धी होत जाते, म्हणजे १०० ला उरतात फक्त १५ मिनिटं. तेवढ्यात आमची वरात मारुतीच्या देवळाचा पारही सोडत नाही, कारण नवरदेवाचे मित्र ट्रॉलीपुढे नागीण होऊन लोळत असतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. डीजेवाल्याला यातलं दुसरं कलम तोंडपाठ. "दहाच्या आत बंद करतो ना भाऊ!" हे तो भर दुपारी बारा वाजता सांगतो.

पण डीजे वर्षातून मोजके दिवस. खरा घात थ्रेशरचा. सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरला जोडलेलं ते यंत्र गंजीपाशी उभं राहिलं की नव्वदी सहज ओलांडतं, आणि पेंढ्या टाकणारा त्याच्या तोंडाशीच असतो. आमच्या मोठेबाबांनी हे काम उमेदीची सगळी वर्षं केलं. कुटार नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधायचे, कान मोकळेच. कानाच्या आतल्या शंखात केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात, एकेका कानात १५-१६ हजार. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणून मोठेबाबांना बैलाचं हंबरणं ऐकू येतं, पण 'स' ऐकू येत नाही.

"मोठेबाबा, काकूसाठी साडी घेतली."

"गाडी? कोन्ती? हप्त्यानं घेतली का बे?"

संध्याकाळपर्यंत गावभर आमची गाडी झाली. दोघं जण पेढे मागून गेले.

हे बघून मी तालुक्याहून फोमचे इअरप्लग आणले. ते नुसते कोंबून चालत नाहीत. बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. नीट बसला तर वीसेक डेसिबल खाली येतात. हा विधी मी साळ्याच्या वरातीत, ऐन डीजेसमोर सुरू केला. एक हात डोक्यावरून पलीकडे, दुसरा कानाशी, मान वाकडी. कुणीतरी ओरडलं, "अरे, भाऊजी नाचून राह्यले!" आणि पोट्ट्यांनी मला ओढून थेट स्पीकरपुढे नेलं. एक प्लग तिथंच पडला आणि चुलतसासऱ्यांच्या बुटाखाली गेला. उरलेल्या एकावर मी वरात काढली. दुसऱ्या दिवशी मोकळ्या कानात नुसता टुंईं आवाज. तो दोन दिवसांत गेला, पण मोठेबाबांचा कधीच गेला नाही. त्यांना वाटतं, सगळ्यांच्याच कानात रातकिडा असतो.

त्यांच्यासाठी मग मोठे इअरमफ घेतले, हेडफोनसारखे, दोन्ही कान झाकणारे. त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"यातून गाणे ऐकू येते का?"

"नाही. काहीच ऐकू येऊ नये म्हणून आहेत."

"त्याचे पैसे दिले तू?"

पण जानेवारीत त्यांनीच ते मागून घेतले. शेतीची लाइन रात्रीची, ओलिताला पहाटेपर्यंत जागायचं, थंडी हाडात शिरते. हरभऱ्याच्या वावरात, जिथं पाण्याच्या खळखळीशिवाय काही नाही, तिथं मोठेबाबा इअरमफ घालून दांडावर बसू लागले. "कान मस्त गरम राह्यते," असं प्रशस्तिपत्रकही दिलं.

पुढं हरभऱ्याची मळणी निघाली. थ्रेशर सुरू झाला, मी धावत घरून इअरमफ आणले आणि त्यांच्यापुढे धरले. मोठेबाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे.

"एवढ्या उन्हात? पागल झाला काय बे?"