गवई कोण मोठा, देवमासा की पक्षी?

वाद सुरू झाला वजनावरून, म्हणजे चुकीच्याच जागी. बंड्याचं म्हणणं, हंपबॅक देवमाशापुढे गाणारा पक्षी म्हणजे दर्या में खसखस. एकीकडे ३० टनांचं धूड, दुसरीकडे उत्तर अमेरिकेतला व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो, जेमतेम २५ ग्रॅम. हिशेब केला तर एका देवमाशाला १२ लाख पक्षी लागतात.

"तराजू ठेव बाजूला, गळ्याचं बोल," भाऊ म्हणाला. "पक्ष्याचं आवाजाचं यंत्र श्वासनलिका दुभंगते तिथे असतं. दोन फाटे, दोन्हींवर वेगळा ताबा. काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात. कर म्हणावं तुझ्या देवमाशाला!"

"तो श्वास कोंडून गातो, लेका. तीच हवा आतल्या आत फिरवून. एक गाणं दहा-वीस मिनिटांचं, आणि तेच पुन्हा पुन्हा, तासन्‌तास."

(देवमाशांत गातात फक्त नर. हे दोघेही विसरले होते.)

मग सरांनी ऑस्ट्रेलियाचा किस्सा काढला आणि वादाला खरी धार आली. एका भागातले सगळे नर देवमासे एका वेळी एकच गाणं गातात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर दोनच नर वेगळं गाताना सापडले. ते गाणं पश्चिम किनाऱ्याचं होतं. १९९८ पर्यंत पूर्वेच्या सगळ्या नरांनी आपलं गाणं टाकून तेच उचललं. पिकल्या वयाच्या गवयांनी घराणं सोडून परक्याची गायकी धरावी, तेही झाडून सगळ्यांनी! बंड्या नुसता फुलला होता.

"माझ्या पक्ष्यानं काय कमी केलंय?" भाऊ हटेना. "आधी कॅनडाभर त्याच्या गाण्याचा शेवट तीन-तीन सुरांचा होता. पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात तो दोन-दोनचा झाला. २०१४ पर्यंत अख्खा अल्बर्टा दोनवर आला, आणि ३००० किलोमीटरवरच्या ऑन्टारियोतही तेच ऐकू यायला लागलं."

"पण गेलं कसं?"

"हिवाळ्यात. पाठीवर बारकी यंत्रं बांधून पाहिलंय. पश्चिमेचे पक्षी जिथे उतरतात, तिथेच रॉकी डोंगरांपलीकडचेही येतात. कोवळे नर तिथे ऐकून घरी नेत असणार."

"म्हणजे पोरं शिकतात. म्हातारे नाहीत," बंड्यानं बरोबर पकडलं. बहुतेक गाणारे पक्षी लहानपणी शिकतात आणि नंतर तेच गात राहतात. कॅनरी, स्टार्लिंग यांच्यासारखे पुढेही भर घालणारे आहेत, पण म्हणून नियम मोडत नाही.

शिकण्याच्या बाबतीत माझं मत देवमाशाला. पण कोडं म्हणाल तर पक्ष्याचं जास्त अवघड. देवमाशांचं गाणं एरवीही दरवर्षी थोडंथोडं बदलतंच. इथे मात्र चांगलं चाललेलं गाणं होतं, आणि नव्या शेवटामुळे हद्द राखायला काही फायदा होतो का, तेही तपासून झालंय. फायदा दिसला नाही. मग बदललं कशाला?

"माद्यांना नवं आवडत असेल," सर म्हणाले.

"अंदाज आहे तो, पुरावा कुठाय?" बंड्या उसळला.

"मग तुझ्या देवमाशाचा तरी कुठाय? माद्यांसाठी गातो की दुसऱ्या नरांसाठी, यावरच अजून भांडतायत," भाऊ म्हणाला.