सायकल की गणपतीचा मांडव?

घरच्या ग्रुपवर दादाने फोटो टाकला तेव्हा इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला, दुपारचे साडेचार वाजले होते, म्हणजे बाहेर अंधार पडत होता. फोटोत माझा सोळा वर्षांचा भाचा, क्लासहून नुकताच आलेला. सायकलच्या नळ्यांभोवती पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेली पिवळ्या दिव्यांची माळ, चाकांच्या आऱ्यांत बटण-सेलवर चालणारे हिरवे दिवे, सीटखाली पॉवरबँक. खाली दादाचा शेरा : 'सायकल आहे की गणपतीचा मांडव?' मग काय, काका-मावश्या हसून घेतात. 'नवरी कुठली?' हेही कुणीतरी विचारलंच.

माझी कॉफी गार झाली. दहा दिवस ढोल बडवून अख्ख्या पेठेला रोषणाई करणारं आपलं गाव, आणि एका पोराच्या सायकलवरची माळ डोळ्यांत खुपते? इथे या दिवसांत पोरं हँडलला माळा गुंडाळूनच फिरतात, मान वळवूनही कुणी बघत नाही. मी लांबलचक मेसेज लिहिला. लिहिणारच, इथे बसून मला दुसरं काय करता येतं?

मुद्दा साधा होता. पुढचा दिवा समोरच्यासाठी, मागचा मागच्यासाठी. चौकात गाडी येते ती आडवी, आणि तिला यातलं काहीही नीट दिसत नाही. रिफ्लेक्टर चमकतो तो त्याच्यावर हेडलाइट पडला तर. आडव्या गाडीचा उजेड पडेपर्यंत सायकल तिच्या तोंडाशी आलेली असते. माळेने सायकलची सगळी आकृती दिसते, फिरती चाकं दिसतात. इथे कायद्यानेच पॅडलना पिवळे रिफ्लेक्टर लागतात. वर-खाली होणारे ते दोन ठिपके दिसले की पुढे कुणीतरी पाय मारतंय हे लांबूनही कळतं. आणि नळस्टॉपच्या पुलाखाली सगळेच हाय बीम लावून येत असताना टिकलीएवढा दिवा कुणाला दिसणार? फक्त पुढे पांढरा, मागे लाल, एवढं पाळलं की बाकी हवी तेवढी हौस करावी.

बाबांची गोष्टही घातली. त्यांच्या सायकलला बाटलीसारखा डायनामो होता. टायरला टेकवला की घर्रघर्र आवाज, सायकल जड, आणि थांबलं की दिवा गुल. विनादिवा पकडतात म्हणून पोलीस दिसला की उतरून सायकल ढकलत चालायचं. सायकलींचं शहर म्हणवणारं पुणं ते हेच.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. इथे सायकलचे दिवे लुकलुकते ठेवायला मनाई आहे, आणि भाच्याची माळ लुकलुकत होती. इथे आले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात विनादिवा जाताना मला दंड झाला होता, आणि मी त्या पोलिसाशी इंग्रजीत हुज्जत घातली होती, हेही नाही लिहिलं.

दादाचं उत्तर दोन ओळींचं. 'तुमच्याकडे सायकलला वेगळा रस्ता आहे. तू पुण्यात रात्री सायकल शेवटची कधी चालवलीस?'

2009 साली. खोटं कशाला बोलू? आणि रस्त्याचं त्याचं खरंच आहे. माझ्या घरापासून स्टेशनपर्यंत मला बस शेजारून घासून जात नाही; दिवा विसरले तरी बहुतेक दंडावरच निभावतं. त्याचा पोरगा म्हात्रे पुलावरून टेम्पोच्या बाजूने येतो. दादा त्या माळेला हसतो, पण पोरगा घरी येईपर्यंत जेवत नाही, हे मला वहिनीने नंतर सांगितलं.

फेब्रुवारीत पुण्याला गेले. नवी पेठेतून एरंडवण्याला जायचं होतं, रात्रीचे आठ. भाच्याने सायकल पुढे केली, "आत्या, चालव ना, मी मागे बसतो." मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. रिक्षा केली, तो सायकलवर पुढे निघाला.

पुलापलीकडच्या चौकात डावीकडच्या अंधारातून पिवळी माळ आडवी आली. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, तिला जाऊ दिलं आणि मान मागे वळवून हसला, "बघा मॅडम, मांडव चाललाय!"

मीही हसले. तो माझा भाचा आहे, हे काही सांगितलं नाही.