पाच गंभीर किंवा दहा मृत

मुलाच्या शाळेसमोरच्या चौकात सिग्नल हवाय म्हणता? निदान एक धड गतिरोधक? मग आधी तो चेहरा बदला. कपाळाला आठ्या घालून कचेरीत जाणारी माणसं पोच घेऊन परत येतात, बाकी काही घेऊन येत नाहीत. आणि 'इथे एखाद्या दिवशी काहीतरी होईल हो' हे वाक्य घरीच ठेवून जा. होईल त्याला तिथे किंमत नसते. झालं त्याला असते, आणि तीसुद्धा पुरेसं झालं असेल तर.

मी हे ठेचा खाऊन शिकले. आमचा चौक पुण्याच्या दक्षिण टोकाला, बंगळुरू महामार्गाच्या सर्व्हिस रोडला चिकटून. एका अंगाला शाळा. दुसऱ्या अंगानं खडीचे डंपर, पाण्याचे टँकर आणि सिमेंटचे मिक्सर बांधकामांकडे वळतात. चाळीस पालकांच्या सह्या, फोटो, गुगलवरून काढलेला नकाशा असं सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी फोल्डर न उघडताच विचारलं, "मॅडम, केसेस किती?"

"केसेस म्हणजे?"

"अपघात. नोंद झालेले."

"अहो, रोज पोरं थोडक्यात वाचतात."

"वाचलेले धरत नाहीत," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

तर आता रकाने समजून घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा घ्यायचा. त्यात मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात हवेत, नाहीतर दहा मृत्यू हवेत. एवढी अट पुरी केली की तो तुकडा 'ब्लॅक स्पॉट' होतो आणि मग त्याच्या नावाची फाइल उघडते. व्याख्या राष्ट्रीय महामार्गांची, पण शहरातल्या रस्त्यांवरही तीच फूटपट्टी फिरते. शिष्यवृत्तीला जशी टक्केवारी, तशी ही. साडेचार अपघातांवर कुणी अडून बसू नये.

म्हणून पहिली गोष्ट, मिटवून घेऊ नका. आपल्याकडे ही फार वाईट खोड आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या चौकात एक बाई मागे दुसरीतली मुलगी बसवून येत होत्या, टँकरनं डावीकडे दाबलं, स्कूटर घसरली. मुलीचा डबा फुटून पोळीचा रोल थेट टँकरच्या चाकापाशी गेला. चाक तिथेच थांबलं, एक हात अलीकडे. लोक जमले, ड्रायव्हर खाली उतरला, हात जोडले, खिशातून दोन हजार काढले. बाई म्हणाल्या, "पैसे नकोत, मला शाळेला उशीर होतोय." संपलं. ना पंचनामा, ना नोंद. एका आईनं नुसत्या वक्तशीरपणापायी चौकाचं केवढं नुकसान केलं!

दुसरं, पडायचं तर कायद्यात बसेल असं पडा. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये दिलंय. हाड मोडलं तर बसतं. दात मोडला किंवा निखळला तरी बसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. डोळा गेला, कान गेला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, सगळं बसतं. पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या तरी चालतं. जुन्या दंडसंहितेत हेच वीस दिवस होते, म्हणजे नव्या कायद्यानं पाच दिवसांची सूट दिलेली आहे. गुडघे सोलवटणं, युनिफॉर्म फाटणं, पोरगं आठवडाभर झोपेत दचकणं, हे बसत नाही. दुधाचे दातही बसायला हरकत नसावी, पण एखाद्या वकिलाला विचारून घ्या.

तिसरं, जागा. ५०० मीटर म्हणजे फार नाही. आमच्याकडची एक चांगली केस अशीच वाया गेली. एका गृहस्थांना डंपरनं उडवलं ते दूध केंद्राच्या पलीकडे, म्हणजे आमच्या टोकापासून सहाशे मीटरवर. मांडी दोन जागी मोडली, रॉड घातला, आणि उपयोग शून्य. घाई असेल तेव्हाही माणसानं कुठे रस्ता ओलांडतोय याचं भान ठेवावं.

आदर्श पाहायचा असेल तर फार लांब जायला नको, नवले पूल जवळच आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता जो उताराला लागतो तो थेट पुलापर्यंत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री तिथे एका अवजड गाडीनं दोन डझन गाड्या चेपल्या. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी एक कंटेनर समोरच्या गाड्यांवर गेला, पेट घेतला, आठ माणसं गेली. मधल्या काळात तिथे काही केलं नाही असं म्हणणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावा. पाहणी झाली. रम्बलर आले. पाट्या लागल्या, कॅमेरे लागले, बैठका झाल्या, बैठकांचा आढावा घेणाऱ्या बैठका झाल्या. उतार तेवढा जागेवर राहिला, कारण उताराला बैठकीचं बोलावणं नव्हतं.

तुम्ही स्वतः ट्रक चालवत असाल तर त्या उतारावर न्यूट्रल टाका. डिझेल वाचतं असं सगळेच सांगतात. नव्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल आपोआप बंद होतं आणि न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतच राहतं, असं एखादा मेकॅनिक सांगेल; त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याला गाडी दुरुस्तीला हवी असते. त्याहून बचत करायची असेल तर इंजिनच बंद करा. मग ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, दोन-चार वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते, लायनर तापून नुसते घासत राहतात, आणि इंजिन जी गाडी मागून धरून ठेवायचं तेही झोपलेलं असतं. खाली पोचल्यावर 'ब्रेक फेल' म्हणायचं. फार सोयीचा शब्द आहे. ब्रेक काय, पावसासारखा आहे. त्याच्या मनात आलं आणि तो फेल झाला.

मालकांनाही एक सूचना. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलं होतं. हे एखाद्या डंपरच्या ड्रायव्हरला जरूर सांगून पाहा. तो हसतो आणि चहा पाजतो. त्याला फेरीमागे पैसे मिळतात, तासामागे नव्हे. फेऱ्या वाढल्या तरच घरी पैसे जातात. शहरात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा आहेत, त्या बहुतेक ऑफिसच्या गर्दीवर बेतलेल्या. म्हणजे तो पहाटेपासून हद्दीवर ताटकळतो आणि बंदी लागायच्या आत एक फेरी मारून घ्यायला सुटतो, नेमका त्याच वेळी सकाळची शाळा भरते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. चौदाव्या तासाची डुलकी आता गारव्यात लागेल.

आता चौकात कसं उभं राहायचं ते सांगते. सिग्नलला डंपर थांबलेला दिसला की स्कूटर त्याच्या डाव्या अंगाला घाला, पुढच्या चाकाच्या जरा मागे. तिथे सावली असते. शिवाय ड्रायव्हर बसतो उजवीकडे, उंचावर. डाव्या कोपऱ्यात खाली काय आहे ते त्याला दिसत नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी उगाच हॉर्न मारून त्रास देत नाही. डंपर डावीकडे वळला की त्याचं पुढचं चाक लांबून जातं आणि मागचं आत कापत येतं. ते आत कापत येतं म्हणजे कुठे, हे तुम्हाला तिथूनच सगळ्यात स्पष्ट दिसेल. हेल्मेट डिकीत ठेवा, केस बसतात. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेत. त्या ज्वलंत परंपरेला तुमच्या डोक्याचा हातभार लागू द्या.

मुलांचा विषय निघालाच आहे तर नववीतल्या चिरंजीवांना गाडी द्यायला हरकत नाही. क्लासला उशीर होतो, आणि आपल्याला तरी दिवसातून किती फेऱ्या मारायच्या? मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आहे, पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, असं काहीबाही लिहिलंय. त्यापेक्षा मुलाचं लेखन सुधारा. मे २०२४ मध्ये याच शहरात दोन तरुण जीव गेले तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला पहिल्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. पुढे गदारोळ झाला ते सोडा. शुद्धलेखन कधी वाया जात नाही.

आमच्या शाळेच्या दारात पावणेसातला या एकदा. फाटकापाशी मावशी उभ्या असतात. जुन्या बॅडमिंटन रॅकेटला लाल कापड शिवलंय, ते त्यांचं थांबा. रॅकेट वर गेली की रिक्षा थांबतात. त्यातल्या एका रिक्षातून मी नऊ मुलं उतरताना मोजली आहेत, दप्तरं बाहेर कड्यांना लटकवलेली. दुचाकीवरचे बाबा थांबत नाहीत, कारण त्यांना पुढे हिंजवडी गाठायची असते. मिक्सर थांबतो, पण थांबायला त्याला चौक अर्धा लागतो. मावशींना पगार फाटक उघडण्याचा मिळतो. रॅकेट त्यांनी घरून आणली आहे. राज्यातल्या प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, हे २०११ च्या नियमांत आहे. आमच्याकडे तिचा फळा आहे, सुंदर अक्षरातला.

एक गतिरोधक आम्ही स्वतःही करून पाहिला. वर्गणी काढली, रात्री दोन ट्रॉली राडारोडा आणला, वरून डांबर ओतलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. आमचा दीड वीत रुंद आणि जवळपास तेवढाच उंच झाला, साधारण डोंगरासारखा. पट्टे मारायला रंग उरला नाही. पहाटे त्यावरून पहिला आपटला तो पेपरवाला. मनगट मुरगळलं, मोडलं नाही, म्हणजे तेही धरता आलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणी मोठे पाहुणे त्या रस्त्यानं जायचे होते म्हणून जेसीबी आला आणि तासाभरात सगळं सपाट करून गेला. काम एवढं चटकन होऊ शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

रस्ता कुणाचा हे विचारायला जाऊ नका, दमाल. पूल एकाचा, पुलाखालचा अंधार दुसऱ्याचा, सर्व्हिस रोड हस्तांतराच्या वाटेवर, झेब्रा पट्टे तिसऱ्याचे, आणि त्यावर उभा राहणारा मामा चौथ्याचा. खड्डा तेवढा सार्वजनिक.

आणि आपणच पुढे जाऊ असंही समजू नका. २०२४ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ८० हजार माणसं गेली, त्यात शाळा-कॉलेजांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर धड व्यवस्था नसल्यानं १० हजार मुलं, हे खुद्द केंद्रीय मंत्र्यांनीच सांगितलं. स्पर्धा देशपातळीवरची आहे.

परवा पुन्हा गेले होते. या वेळी फोल्डर नव्हतं, एक कागद होता, त्यावर फक्त केसेस. २०२३ ते २०२५ मिळून चार, चारही नोंदलेल्या. त्या गृहस्थांना खरंच बरं वाटलं. "वा, मॅडम, आता कसं! एकच कमी पडतोय."

मी म्हटलं, "मग यंदा एक झाला की बसेल?"

त्यांनी बोटं मोडत हिशेब केला. यंदाचे अपघात पुढच्या वर्षी धरणार. आणि पुढच्या वर्षी २०२३ बाहेर जाणार. २०२३ मध्ये आमचा एकच आहे, दुधाला निघालेले जोगळेकरांच्या खालचे आजोबा. पिशवी शेवटपर्यंत हातात होती. ३१ डिसेंबरनंतर ते मोजणीत नसतील.

"म्हणजे यंदा दोन लागतील," ते म्हणाले. मग पेन खाली ठेवलं, पंख्याखाली उडणारा माझा कागद तळहातानं दाबून धरला आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे तुमचा?"

"आठवीत."

"मग काळजी करू नका," ते म्हणाले, "त्याची दहावी व्हायच्या आत होऊन जाईल काम."