खुलासा : ‘सर्व्हे भरा, रोज 2000 कमवा’ या मेसेजबद्दल

परभणी, जिंतूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : घरबसल्या सर्व्हे भरा, रोज 2000 रुपये मिळवा, नोंदणी फक्त 499. हे खरं नाही.

पैसे देणारे सर्व्हे असतात, पण त्यांना नोंदणी फी नसते. मिळकतही किरकोळ : पॉइंट साठवायचे, मग एखादं गिफ्ट व्हाउचर. कधी दहा प्रश्न भरून झाल्यावर ‘तुम्ही या सर्व्हेत बसत नाही’ म्हणून बाहेर काढतात. त्यावर घर चालत नसतं, बापहो.

फसवणुकीची रीत ठरलेली. आधी खात्यात शे-दीडशे रुपये खरंच येतात. तिथंच माणूस फसतो. मग टेलिग्रामवर ओढतात, ‘प्रीमियम टास्क’साठी पाच हजार भरायला लावतात. पैसे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’.

‘कमाई घ्यायला पिन टाका’ असं आलं तर थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात.

गेलेच असतील, तर लाजत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.