महामार्ग झाडांनी अडवला नाही

गणपती जवळ आले की, किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की, एक मेसेज हमखास फिरतो. मुंबई-गोवा महामार्ग एवढी वर्षं रखडला तो पर्यावरणवाल्यांमुळे. जनावरांसाठी पूल बांधणं म्हणजे पैशांची उधळपट्टी. एका झाडाच्या बदल्यात दहा लावतोच ना. आधी रस्ता होऊ दे, पर्यावरणाचं मग बघू. यंदा तो आमच्या वाडीच्या ग्रुपवर तीनदा आला, त्यातला एकदा सख्ख्या मामांकडून. मामांना फोनवर अर्धंच सांगता आलं, म्हणून उरलेलं इथे.

आधी कर्नाळा, कारण मेसेजमध्ये जे काही खरं आहे ते तिथेच आहे. पनवेल ते इंदापूर (रायगडमधलं) या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणारा भाग वनपरवानगीसाठी अडला. मान्य. पण कर्नाळा म्हणजे काही वडखळ, नागोठणं आणि कोलाड नव्हे. तिथले खड्डे कुठल्या पक्ष्याने पाडले? भूसंपादन लांबलं, ठेकेदाराची पैशांची ओढाताण झाली, कामं थांबली. ही कारणं रोजच्या पेपरात येत होती.

इंदापूरच्या खाली तर हा आरोप आणखी लंगडा पडतो. २०१३ साली केंद्राने नियम सैल केला. महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि आहे त्या रस्त्यालगत ४० मीटरपेक्षा जास्त जादा जमीन लागत असेल, तरच पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. आता तुकडे बघा: कशेडी ते परशुराम, परशुराम ते आरवली, आरवली ते कांटे, कांटे ते वाकेड. यातला एकही शंभराच्या जवळपास जात नाही. शिवाय सिंधुदुर्गातला कणकवली ते झाराप रस्ता कधीच वापरात आला आणि संगमेश्वरकडे आम्ही वर्षानुवर्षं डायव्हर्जनचे बाण बघत बसलो. कायदा तोच, पाऊस तोच, हिरवाई उलट तळकोकणातच जास्त. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला होता. त्या वेळी पर्यावरणवाले सुट्टीवर गेले होते का?

जनावरांच्या पुलांबद्दल बोलायचं तर नागपूरहून शिवनीच्या रस्त्याला लागावं. राष्ट्रीय महामार्ग ४४ तिथे पेंचच्या जंगलातून जातो. रुंदीकरण कोर्टात गेलं, वर्षं गेली, हे लपवायचं कारण नाही. पण मूळ आराखड्यात जनावरांच्या वाटाच धरल्या नव्हत्या, म्हणून ते कोर्टात गेलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली. सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची आहे. ‘वाघ काय पाटी वाचून खालून जाणार?’ असा विनोद तेव्हाही चालायचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये खाली कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी तिथून ये-जा करताना दिसले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा गेले. वर ट्रक सुसाट, खाली वाघ. आणि ताशी शंभरने जाणाऱ्या गाडीसमोर रात्री सांबर आलं तर एकटं सांबरच मरत नाही.

झाडाला झाड, या हिशेबावर फार बोलण्यासारखं नाही. धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते. शंभर वर्षांच्या वडाला फळं लागतात, हातभर रोपाला लागत नाहीत, आणि त्यात ढोलीही नसते. मे महिन्यात गाडीतून खाली उतरून एकदा ती रोपं बघा. काठ्या उभ्या असतात, रोप शोधावं लागतं.

खरा घोळ आहे तो ‘आधी रस्ता, मग पर्यावरण’ यात. कोकणात पर्यावरण म्हणजे आधी पाणी. डोंगरावरून आलेलं पाणी रस्त्याच्या कुठल्या बाजूने, किती रुंद वाटेने खाली जाणार, एवढंच ठरवायचं असतं, आणि ते डांबर-काँक्रीट पडायच्या आधी ठरवावं लागतं. वरचा मऊ मातीचा थर उभा कापून ठेवला की पाणी आत मुरतं, माती जड होते आणि पायथा तुटलेला असल्यामुळे सगळंच खाली येतं. टप्पे पाडून कापायचं, वरच्या पाण्याला माथ्यावरच चर काढून वळवायचं, हे इंजिनियरिंगच आहे, त्यात झाडाला मिठी मारण्याचा काही संबंध नाही. परशुराम घाटात काय झालं ते चिपळूणकरांना विचारा. २०२२च्या एप्रिल-मेमध्ये कामासाठी घाट रोज काही तास बंद, पावसात दरड आली की पुन्हा बंद, आणि खाली पेढे गावातल्या लोकांना घर सोडून जायच्या नोटिसा.

आमच्या वाडीखालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, दोन गाळ्यांची जुनी दगडी मोरी (छोटा पूल) होती. रुंदीकरणात भराव वाढला आणि मोरीच्या जागी पाईप आले. काकूने तेव्हाच साइटवरच्या माणसाला सांगितलं होतं की जुलैत हा पऱ्या कमरेइतका येतो. तो म्हणाला, ड्रॉइंगमध्ये पाईपच आहेत. त्याच जुलैत पाईपांची तोंडं पालापाचोळ्याने बुजली, पाणी बाजूने फुटलं आणि भरावाची लाल माती घेऊन काकूच्या भातखाचरात उतरलं. वीतभर थर बसला. दोन वर्षं तिने ते खाचर लावलं नाही. नंतर मेमध्ये तोच रस्ता फोडून, पाईप काढून, तिथे पुन्हा दोन गाळ्यांची मोरी बांधली, फक्त काँक्रीटची. महिनाभर वाहतूक एकेरी होती. सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग पार वाडीच्या फाट्यापर्यंत. मामाही त्यातच दीड तास अडकले होते, आणि मेसेज त्यांनी तिथूनच पाठवला होता.